‘जरा थांबा’ थांबू नये म्हणून

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे पूर्ण आडवं पडून, हे मला सरांनी सांगितलं. आमच्या केबिनमध्ये फायलींचे एवढे गठ्ठे आहेत की आडवं पडायला जागाच नाही, तेव्हा खुर्चीतून जेवढं वाकता येतं तेवढं वाकले असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? बाबा म्हणाले, डॉक्टरांनी ‘जिने चढू नका’ सांगितलं तर तू त्यांनाच ‘मग लिफ्ट बसवून द्या’ म्हणालीस. म्हणजे तब्येत ठीक आहे. मीही मजेत. पत्र हाताने लिहितेय, कारण सरांच्या मते मेसेज म्हणजे चालत्या माणसाला मागून हाक मारणं आणि पत्र म्हणजे त्याच्या घरी जाऊन बसणं. तर बसलेय. पाणी दे.

सगळ्यात आधी थँक यू, आणि हे अगदी मनापासून. इंग्लिश मीडियमच्या मुलीला दर सुट्टीत मानगूट धरून तू मराठी लिहायला बसवलंस, म्हणून तर ही नोकरी मिळाली. इंटरव्ह्यूला सरांनी एक पान लिहून मागितलं. मी लिहिलं, महत्त्वाच्या शब्दांखाली सवयीने तीन-तीन रेघा मारल्या. सर त्या पानाकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, संपलं, रिक्षा शोधावी. मग एवढंच म्हणाले, “सोमवारपासून ये.” (माझ्या टायपिंग स्पीडमुळे असणार. सर स्वतः हाताने लिहितात आणि त्यांचं अक्षर फक्त मला आणि त्यांच्या घरी काकूंना लागतं.)

सर कोण हे तुला सांगायला नको, पण लांबून वाचणं वेगळं आणि समोर बसणं वेगळं. एकतीस वर्षं दर रविवारी पेपरात त्यांचं सदर, ‘जरा थांबा’. ऑफिसात मागून सगळे त्यांना ‘ब्रेक’ म्हणतात. किती सरकारं आली-गेली, प्रत्येकाने निवडून यायच्या आधी त्यांना ‘आपला माणूस’ म्हटलं आणि निवडून आल्यावर फोन करून झापलं. सरांचं म्हणणं साधं आहे: कुठलीही क्रांती आधी एका गल्लीत करून बघा. एका मंत्र्यांनी विचारलं, कुठली गल्ली, तर म्हणाले, तुमची. काकू प्रत्येक निवडणुकीत त्यांच्या उलट मत देतात. दोघं एकत्र चालत जातात, एकमेकांचं मत रद्द करतात आणि येताना भाजी घेऊन येतात. आणि आत्या, मला त्यांनी एक गोष्ट शिकवली जी कॉलेजात कोणी शिकवली नाही. ज्याच्या विरोधात लिहायचं त्याची बाजू पहिल्या पॅरामध्ये अशी मांडायची की तो म्हणाला पाहिजे, अरे वा, हे तर मलाही सुचलं नव्हतं. मग दुसरा पॅरा. मी अजून पहिल्याच पॅरामध्ये अडकते आणि समोरच्याचं पटून घरी जाते.

आता माझे पराक्रम. मी उत्साहाच्या भरात सोळाशे लेख कॉम्प्युटरवर चढवले आणि एक तक्ता केला, सरांनी कशाला कधी विरोध केला याचा. त्यात सापडलं की तिसऱ्या वर्षी त्यांनी बाजारातल्या वन-वेला कडाडून विरोध केला होता आणि तेविसाव्या वर्षी तोच वन-वे काढायचं ठरलं तेव्हा ‘आपला जुना, समंजस वन-वे’ म्हणून लेख लिहिला. मंडईवरच्या पत्र्याचं तेच, काउंटरवरच्या काचेचं तेच. मला वाटलं, काय भारी शोध! सोमवारच्या मीटिंगमध्ये सरप्राइज म्हणून सगळ्यांसमोर वाचून दाखवला. (तू कपाळाला हात लावलास, दिसतंय मला.) वृत्तसंपादक ताई इतक्या हसल्या की चहा कीबोर्डमध्ये गेला. संपादकांनी छताकडे बघितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, “म्हणजे माझा विरोध नसतो. मला ओळख व्हायला वीस वर्षं लागतात, एवढंच.” आणि मग तो तक्ता मागून घेतला आणि भिंतीवर लावला! दुसरा कोणी असता तर मला भिंतीवर लावलं असतं.

पण खरी गोष्ट ही की ‘जरा थांबा’ बंद होतंय. अजून दोन रविवार, मग त्या जागी शब्दकोडं येणार. संपादक नको म्हणत नाहीयेत, सरच नको म्हणतायत. (आणि लेख नाही तर टायपिंग नाही, टायपिंग नाही तर मी नाही. पण मला सरांचंच जास्त वाईट वाटतंय, शप्पथ. अर्धं तरी.) कारण ताईंनी सांगितलं. एकतीस वर्षं दर गुरुवारी सरांना एक पोस्टकार्ड यायचं, रविवारच्या लेखाची चिरफाड करणारं. नाव नाही, पत्ता नाही, खाली सही म्हणून फक्त ‘पुढे चला’. ते वाचून सर तासभर धुसफुसायचे आणि त्याच रागात पुढचा लेख एका बैठकीत लिहायचे. आठ महिने झाले, कार्ड येत नाही. ऑफिसला वाटतं तो वाचक गेला. सर मात्र गुरुवारी दाराकडे बघतात आणि शुक्रवारी पेनाचं टोपण काढतात, लावतात, काढतात.

मग मी काय करावं? मीच एक कार्ड लिहिलं. डाव्या हाताने, पोस्टात जाऊन टाकलं, चांगलं झोंबेल असं. गुरुवारी सरांनी वाचलं आणि मला बोलावलं. “बस. हे कार्ड खोटं आहे.” मी म्हटलं, कशावरून? “यात ‘कृपया’ लिहिलंय. एकतीस वर्षांत एकदाही ‘कृपया’ नाही. शिवाय तिसऱ्या ओळीत माझ्याशी सहमती आहे.” मग त्यांनी दुसऱ्या खणातून बिस्किटांचा जुना डबा काढला, ज्याला कोणाला हात लावू देत नाहीत, आणि माझ्यासमोर उघडला. “खरं कसं असतं ते बघ.” मी वरचं कार्ड बघितलं आणि मला एकदम तहान लागली.

असो. बाकी सगळं छान. गुडघ्याला जप, बाबांना फोन कर.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस) भाची

ता. क. १ : हिरवी शाई, आत्या. प्रत्येक रागाच्या शब्दाखाली तीन रेघा. माझ्या वाढदिवसाची सगळी पत्रं त्याच शाईत आहेत. आणि बसमध्ये उभं राहून आयुष्यभर ‘पुढे चला, पुढे चला’ कोण ओरडत होतं? शेवटच्या कार्डावरची तारीख मी तुला नोकरीची बातमी सांगितली त्याच आठवड्यातली आहे. भाचीच्या साहेबांना शिव्या कशा घालायच्या म्हणून थांबलीस ना? माझ्यासाठी थांबलीस, त्याबद्दल थँक यू. आता माझ्यासाठीच सुरू कर. सोबत कोरं कार्ड ठेवलंय.

ता. क. २ : थोडा प्रॉब्लेम आहे. या रविवारचा लेख बसमधून कंडक्टर काढून टाकण्याच्या विरोधात आहे. मला माहितीये तुला शब्द न् शब्द पटणार. तरी शोध ना काहीतरी. तुला सापडेल.

ता. क. ३ : (पाकीट परत फोडलंय, म्हणून चिकटपट्टी.) टाकायला निघाले तर सरांनी पाकीट मागितलं, स्वतः तिकीट लावलं आणि पत्ता वाचत म्हणाले, “तीन रेघा बघून इंटरव्ह्यूलाच संशय आला होता. डबा उघडल्यावर तुझं तोंड बघून खात्री झाली.” मी म्हटलं, सर, मग तुम्हीच का नाही लिहिलंत त्यांना? तर म्हणाले, “मी आपण होऊन कधी काही सुरू केलंय का?” तुझ्यासाठी निरोप आहे: लेख राहो न राहो, मुलीची नोकरी पक्की, तेव्हा आता मोकळेपणाने लिहा. ‘कृपया’ नको. एवढं बोलून त्यांनी कोरा कागद ओढला, वर ‘जरा थांबा’ लिहिलं आणि पेन खाली ठेवून दाराकडे बघत बसले.

पोस्टमन गुरुवारी येतो, आत्या.