गोपाळरावांचं देवघर

नागपूर, ११ फेब्रुवारी १९७९

प्रिय रवींद्र,

तुझ्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांचं पत्र आलं. परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकानं आपल्या घरची सकाळ सांगायची होती आणि तुझं टिपण सगळ्यांत सरस ठरलं, असं ते लिहितात. त्यांनी सोबत त्याची प्रतही पाठवली. मी ती मराठीत करून आजीला ऐकवू लागलो. सोवळं नेसून संध्या करणारे आजोबा, चंदन उगाळणारी आजी, चांदीचे देव. ती मध्येच म्हणाली, "काहून गा वसंता, हे त शेजारच्या गोपाळरावाचं घर होय. आपलं कुठी हाय याच्यात?" मला पुढे वाचवेना.

संताप आला. तुझे आजोबा पहाटेच्या भोंग्याला गिरणीत जात. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर अक्षरओळख नसलेल्या आजीनं बुद्धवंदना ऐकून ऐकून पाठ केली. एक शब्द चुकला की अजूनही पहिल्यापासून सुरू करते. जगभरच्या मुलांसमोर मांडायला ही सकाळ कमी पडली? जपानचा, केनियाचा मुलगा भारत म्हणून जे शिकून गेला, त्यात आपण नाहीच! दोन दिवस डायरीत तुझ्यावर पानं भरली. तिसऱ्या दिवशी तुझी आई एवढंच म्हणाली, "पण त्याले शिकवलं कोनं?" या वस्तीत भाड्यानं घर घेताना मी मालकाला आडनाव सांगितलं नव्हतं. तू सात वर्षांचा होतास. कुणी विचारलं तर नुसतं रवींद्र वसंत सांग, असं तुला बजावलं. आजीला वंदना दार लावून, हळू म्हणायला लावली. तू तेच तिकडे पाळलंस. यानं माझा राग कमी होत नाही; निम्मा माझ्याकडे वळतो, इतकंच.

प्राध्यापकांना ते टिपण विद्यापीठाच्या पुस्तिकेत छापायचं आहे आणि घरच्यांची संमती म्हणून माझी सही हवी आहे. मी केलेली नाही, करणारही नाही. खरं काय ते त्यांना परस्पर कळवणं मला चहाडीसारखं वाटतं. त्याच वर्गात उभं राहून ते तू सांगावंस. तुला हुकूम करायचा अधिकार मला आहे असं वाटेना, म्हणून आधी माझं केलं: परवा दारावर पूर्ण नावाची पाटी लावली. गोपाळरावांनी थांबून ती वाचली. काल आणि आज ते रोजच्यासारखे पेपर मागायला आले नाहीत. आजी म्हणते, "आले त आले, नाही त नाही." संमतीचा कागद कोराच परत पाठवतो आहे.

तुझाच बाबा,
वसंत नत्थूजी गजभिये