केसपेपर औरंगाबादला गेले

८ नोव्हेंबर १९९३
दवाखान्यात पाठक येऊन गेले, औ.बादचे कॉम्प्युटरवाले. "मॅडम, केसपेपर आमच्याकडं पाठवा. आमच्या मशीनवर चढवतो, आमच्याकडंच राहतील. जुना पेशंट आला की फोन करा, सगळी हिस्ट्री वाचून दाखवू." प्र. खूश. पावसाळ्यात वाळवीनं कपाटाचा खालचा कप्पा खाल्ला तेव्हापासून त्याच्या डोक्यात हेच आहे. मी म्हटलं, घ्यायचाच तर कॉम्प्युटर आपला घेऊ, इथं ठेवू. "आणि बिघडला तर? परभणीत कोण दुरुस्त करणार? लाईट किती वेळा जाते ते बघ."
दोघंही डॉक्टर, पण वाद घालताना माझा हा नवरा सर्जन असतो आणि मी पेशंट.

१७ नोव्हें.
दिवाळी आटोपली. नमुन्यादाखल एक गठ्ठा पाठवायचं ठरलं. जमलं तर बाकीचेही तिकडंच. कंपाउंडर लतीफभाईंनी सुतळीनं बांधला. बांधायच्या आधी मी चाळला. बाळंतपणं, दमा, वाघमारे गुरुजींची सुजाता. तिचा बाजूला काढावासा वाटला. प्र. म्हणाला, "असं निवडत बसलीस तर उपयोग काय?" ठेवला परत.

२ डिसें.
गुरुजी पेढे घेऊन आले, सोबत सुजाता. पिंगळीहून सकाळच्या गाडीनं. लग्न जमलं! मुलगा चारठाण्याचा, शाळेत क्लार्क.
ही पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा दंडावर सुन्न चट्टा होता. कुष्ठरोग निघाला. सुजातानं सहा महिने गोळ्या घेतल्या, एक खाडा नाही. आता पूर्ण बरी.
गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, त्या लोकांना सांगायला पायजे का?"
मी काही बोलायच्या आत सुजाताच: "मी सांगणार हाय. त्यांना एकट्याला. माझ्या तोंडानं."
पोरगी धीट आहे.

१९ डिसें.
मोडलं.
गुरुजी एकटेच आले. काल विहारात तारीख ठरवायला सगळे जमले होते. मुलाचा काका चार माणसांत उठून म्हणाला, "तुमच्या पोरीला महारोग हाय. परभणीच्या दवाखान्यात लिहिलेलं हाय."
"बाई, आमी कुणालाच बोललो न्हाई. मग तुमी..."
मी गठ्ठ्याचं सांगितलं. त्यांना कळेचना. "आमचा कागद? औरंगाबादला? कशापायी?"
कशापायी. वाळवीपायी, गुरुजी.

२० डिसें.
ट्रंककॉल लावून पाठकांना विचारलं. त्यांच्याकडं टायपिंगला चारठाण्याचा एक जण आहे. मुलाचा आतेभाऊ निघाला. "त्याला आजच काढतो, मॅडम." जणू त्यानं काही मिटणार आहे. सगळे कागद परत पाठवा म्हटलं.
"पाठवतो की."
"आणि मशीनवर चढलंय ते?"
"काढता येईल बहुतेक. बघावं लागेल."
बहुतेक!
संध्याकाळी प्र.शी कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, "आपल्या कपाटाला तरी कुठं कुलूप आहे? लतीफ रोज पेपर काढतो, त्याला नातेवाईक नाहीत?" खोटं नाही ते. पण लतीफभाई माझ्या समोर असतात, त्यांना मी जाब विचारू शकते. त्या टायपिंगवाल्याचं तर मला नावही माहीत नाही.

५ जाने. १९९४
पिंगळीला गेले. गुरुजींनी बसा म्हटलं, पण नजरेला नजर दिली नाही. सुजाता चहा घेऊन आली. मी माफी मागितली.
ती म्हणाली, "पुढच्याच ऐतवारी ते एकटे येणार होते. सांगितलं असतं तर न्हाई बी म्हटले असते. पण मला म्हटले असते. आता चार माणसांत काकानं सांगितलं, आन् ते खाली मान घालून बसले."


१५ जाने.
विद्यापीठाच्या नामांतराची घोषणा झाली काल. इकडं निळे झेंडे, तिकडं बंद. औ.बादच्या गाड्या उभ्या आहेत. गुरुजींनी या दिवसाची इतकी वर्षं वाट पाहिली. आज त्यांच्या घरी काय असेल?
गठ्ठा अजून तिकडंच. दम्याची एक म्हातारी आली, धाप लागलेली. मागं एक इंजेक्शन तिला सोसलं नव्हतं, एवढं आठवतं. कोणतं ते आठवत नाही, नि तिचा पेपर तिकडं. फोन लागेना. दुसरंच औषध देऊन बसवून ठेवलं. दुपारपर्यंत उतार पडला.
प्र. तिच्या खाटेजवळ उभा होता.

२९ जाने.
कागद आले. सोबत एक फ्लॉपी, "सगळं यात आहे" अशी चिठ्ठी. वाचायला मशीन कुठं आहे आमच्याकडं? आणि तिकडं काय उरलं ते कोण सांगणार? प्र. आपण होऊन म्हणाला, "आपलाच घेऊ. पासवर्ड फक्त आपल्या दोघांकडं." नोव्हेंबरात हे ऐकून बरं वाटलं असतं.

८ फेब्रु.
लतीफभाईंनी पुकारलं, "शोभा पवार, मानवत." आत आली ती सुजाता. पदर तोंडावर. लतीफभाईंनी ओळखलं असेल.
डाव्या हाताची करंगळी वाकलीय. कोपर बरेच दिवस दुखतंय. सेलूच्या एका डॉक्टरकडं गेली होती, नाव दुसरंच सांगून. जुना आजार सांगितलाच नाही. त्यांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या.
"का नाही सांगितलंस गं?"
"सांगितलं की लिहितात."
कोपराजवळची शीर दोरीसारखी लागली हाताला. दाबली तशी कळवळली. बऱ्या झालेल्या रोगाचा असा उलट तडाखा कधी कधी बसतो. लगेच आली असती तर बोट नक्की सरळ झालं असतं. आता सांगता येत नाही. औषध आजपासून सुरू केलं.
कोरा पेपर पुढं ओढला. ती माझ्या पेनाकडं बघत होती.
"बाई, खरं नाव नका लिहू."
समजावलं, हे औषध एकदम थांबवता येत नाही, हळूहळू उतरवत न्यावं लागतं, मी नसले तर डॉक्टरसाहेबांना तरी कळायला हवं.
शेवटी म्हणाली, "लिहा. पण कुठं ठेवणार ते आधी सांगा."
मशीनचा माणूस परवा येतोय. कपाटाला आता कुलूप आहे, पण किल्ली टेबलावरच असते. "माझ्याजवळ," म्हटलं. पेपर पर्समध्ये घालून घरी आणलाय. पण असे किती पेपर घरी आणणार?
पंधरा दिवसांनी बोलावलंय. येते म्हणाली नाही. गोळ्या मात्र मोजून घेतल्या.