सोनगीरचा खेळ

धुळे, २ जानेवारी २०२४

चि. रत्नास, नानाचे उदंड आशीर्वाद.

पत्राआधी टोपली उघडली असशीलच. सहा वर्षं माझ्या कोटातून निघणारं पांढरं कबुतर, माझा मोगरा, चार दिवसांपासून डावा पंख खाली सोडून बसतो. शेजारच्या मांजरीने पंजा मारला असावा. ज्ञानेश्वर केळी भरायला यावलला गाडी नेतोच, त्याच्याबरोबर पाठवला. पंचवीस तारखेला सोनगीरच्या शाळेत खेळ आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पहिला खेळ मी तिथेच केला, आणि आता बहुधा शेवटचाही तिथेच. तोवर त्याला उडता कर.

हल्ली शिंदखेड्याचा ओटा फार आठवतो. मी आगपेट्या गायब करायचो आणि तू लंगड्या कुत्र्याच्या पायाला आईच्या लुगड्याची चिंधी बांधायचीस. आबा म्हणायचे, एकाचं पोट भरेल हातचलाखीवर आणि दुसरी राहील शेणात. आबांचं बोलणं खरंच झालं. पाचवीच्या पुस्तकातल्या कविता मला अजून पाठ आहेत. खेळात त्या म्हणतो तेव्हा पोरंही मागून म्हणतात, आणि क्षणभर मीच मागच्या बाकावर बसल्यासारखं वाटतं.

मोगऱ्याला ज्वारी बारीक करून दे. तुझ्या हाताला यश आहेच.

तुझा नाना

यावल, ९ जानेवारी २०२४

ती. नाना यांस, धाकट्या रत्नाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

टोपली पोहोचली. निवृत्त झाले तरी अंगणात दोन-चार गायी, शेळ्या उभ्या असतातच. झुलालभाऊ शेळी घेऊन आले होते, ते टोपलीत डोकावून म्हणाले की अक्का, आते कबुतरले बी सुई देशी का. सुई दिली नाही, मलम लावलं. मोगरा खातो आहे.

पण नाना, ही मांजर नाही. मांजरीच्या नखाने कातडी फाटते. इथे कातडी शाबूत आहे. पिसं बाजूला केली तर छातीच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला चार निळे डाग आहेत. मी त्यांवर माझी बोटं ठेवून पाहिली. कोणीतरी त्याला फार घट्ट धरलं आहे. तुमचं अक्षर छापल्यासारखं असायचं. या पत्रातली ओळन् ओळ थरथरते आहे. हात कापायला लागला की वस्तू निसटेल या भीतीने माणूस ती जास्तच आवळतो. यात तुमचा दोष नाही. पण डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही बारा वर्षांचे होतात आणि मी पाचची. कोंबडीचं पिल्लू डब्याखाली गायब करताना त्याला श्वास लागतो हे तुम्ही विसरलात. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. मग तुम्ही मला म्हणालात, माझ्या खेळात पुन्हा कोणाचा जीव जाणार नाही. जनावरांची डॉक्टर व्हायचं मी तेव्हा ठरवलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

मोगरा आठवड्यात उडेल. त्याला पाठवायचं का, ते तुम्ही सांगा. तुमच्या सोनगीरच्या आड मी येणार नाही. मात्र पुन्हा तसाच आवळला गेला तर तो माझ्यापर्यंत पोहोचणारही नाही.

रागवा, पण दूर करू नका.

तुमची रत्ना

धुळे, १३ जानेवारी २०२४

चि. रत्नास आशीर्वाद.

थंडीत सगळ्यांचेच हात कापतात. मांजरच होती. कबुतर कसं धरायचं हे मला या वयात कोणी शिकवायला नको. पाठवून दे.

नाना

धुळे, २६ जानेवारी २०२४

चि. रत्नास, नानाचे अनेक आशीर्वाद.

मोगरा वीस तारखेला आला. त्याच सकाळी सरावाला उभा राहिलो. त्याला मुठीत घेतलं. पूर्वी तो मान वळवून माझ्याकडे बघायचा. त्या दिवशी त्याने पंख हलवला नाही की मान वळवली नाही, नुसते डोळे मिटून घेतले. मूठ सैल कर असं मी हाताला सांगत होतो आणि हात ऐकत नव्हता. शेवटी डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक करून सोडवली. मांजर नव्हतीच, बाई. मला ते आधीपासून माहीत होतं.

काल सोनगीरला एकटाच गेलो. हेडमास्तर लोटनरावांना बाजूला घेऊन सांगितलं की कबुतर नाही, खेळ छोटा होईल. ते म्हणाले, नाना, तुम्ही नुसते उभे राहिलात तरी पुरे. सुरुवातीला दोन्ही हात रिकामे दाखवतो ना, ते दाखवले आणि ते कापायला लागले. पोरांना वाटलं, या थरथरीतूनच आता काहीतरी निघणार. मी कविता सुरू केली, पोरंही माझ्यामागून म्हणू लागली. कबुतर सोडायचं कडवं आलं आणि गेलं. तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. कोट उलटा केला आणि आतला चोरखिसा सगळ्यांना दाखवला. सांगितलं की पाखरू इथे असतं, आणि आज ते नाही.

खिशाकडे कोणी पाहिलंच नाही, रत्ना. सगळी पोरं वर छताकडे बघत होती.

डॉक्टरांना दाखवलं. गोळ्या दिल्या आहेत. थरथर कमी होईल म्हणाले, जाईल असं म्हणाले नाहीत. मोगरा ज्ञानेश्वरबरोबर येतो आहे, त्याला तुझ्या अंगणात मोकळा सोड. मागच्या पत्रातलं माझं बोलणं मनात ठेवू नकोस.

तुझा नाना