शाबासकी आणि मीठ-मोहऱ्या

लातूर,
२२ एप्रिल २०२५

ती. सौ. आईस,
पुनमचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की साक्षी तुझ्या हातातून फोन हिसकावते आणि मला म्हशीचा आवाज ऐकवत बसते, म्हणून पत्र लिहिते आहे. तिला सुट्टीसाठी हदगावला सोडलं तेव्हा आबांसमोर नीट सांगता आलं नाही.

गेल्या वर्षी नात्यातल्या लग्नात तिनं मंगलाष्टकं संपायच्या आधीच अक्षता उधळल्या, तिचं बघून सगळ्या मांडवानं उधळल्या आणि बँडवालाही सुरू झाला, हे तुला माहीतच आहे. आता शाळेतूनही रोज तक्रार. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, तिला एडीएचडी आहे. लक्ष एका जागी ठरत नाही, अंग स्वस्थ राहत नाही. हा आगाऊपणा नाही, आणि मारून जायचा नाही. गोळ्यांचं पुढं बघू, आधी घरातल्यांनी एक करायचं: तिनं काही चांगलं केलं की तिथल्या तिथं, नेमकं काय केलं ते सांगून शाबासकी द्यायची. बारीकसारीक खोड्या दिसल्या तरी दिसल्या नाहीत असं वागायचं.

हे मात्र जळकोटच्या निवासी शाळेचं धरून बसलेत. तिथं शिस्त लागेल म्हणतात. मी रडले तेव्हा एवढं कबूल केलं, की मे महिन्यात भोकरला पुतणीचं लग्न आहे, तिथं पोरगी नीट राहिली तर जळकोट रद्द. आई, आठ वर्षांची आहे ती. मला तिला पाठवायचं नाही.

आबांना नमस्कार. माझ्यावरचा लोभ थोडा कमी केलास तरी चालेल, पण तिच्यावर वाढव.

तुझी,
पुनम

हदगाव,
२९ एप्रिल

चि. सौ. पुनमला आईचे अनेक आशीर्वाद.

इकडं समदं खुशाल हाय, तुझ्या आबांचा खोकला सोडून. त्याचं कारण पुढं लिहिते.

डॉक्टरसायबानं सांगितलं तसंच मी करून राहिले. परवा पोरीनं कोंबड्या खुराड्यात कोंडल्या. मी लगेच म्हणलं, साक्षी, न सांगता कोंबड्या कोंडल्या, लई ब्येस केलं. आपलं मांजर बी त्यातच कोंडलं होतं, पण ते मला दिसलं न्हाई असं केलं. पण बाई, लेकराला असं तोंडावर चांगलं म्हणलं तर दृष्ट लागंल का न्हाई? म्हणून दर शाबासकीला मी मीठ, मोहऱ्या अन् मिरच्या ओवाळून चुलीत टाकून राहिले. मिरच्यांचा ठसका आला म्हंजे दृष्ट न्हवती. तुझ्या आबांना दर बारीला ठसका येतो, तवा काळजी न्हाई.

एक नवल सांगते. दृष्ट काढताना ही पोरगी मांडी घालून, माझ्या तोंडाकडं बघत पार शेवटपर्यंत बसते. आता तर दृष्ट काढून घ्यायला कामं हुडकत फिरते. काल गल्लीतल्या समद्या म्हशींना पाणी पाजलं. आपली एकच हाय.

मिरच्या संपत आल्यात. जावईबापूंना सांग, पोरगी लई गुणाची हाय. माया हायेच, पत्र धाडत जा.

तुझी आई,
तुळजाबाई

लातूर,
५ मे

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी मिरच्या बंद कर. डॉक्टरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. मग म्हणाले, आजी हातातलं काम टाकून पोरीसमोर बसते आणि तिच्याकडंच बघते, तेवढंच तिला हवंय. पण धूर असाच चालू राहिला तर आजोबांनाही तपासायला आणावं लागेल. तेव्हा नुसती रिकामी मूठ ओवाळ. शाबासकी मात्र चुकवू नकोस.

ह्यांना म्हशींचं वाचून दाखवलं. हसू आलेलं मिशीत दाबलं आणि म्हणाले, लग्नात बघू. मोठ्या भाऊजींचा पाय दुखावलाय, त्यामुळं भोकरचं सगळं ह्यांच्याच गळ्यात पडलंय. आचारी, मांडव, पाण्याचे जार. मी जळकोटचा शब्द काढला की अंगावर येतात.

आबांच्या छातीला जप. लोभ आहे तो कळतोच, तरी लिहून कळव.

तुझी,
पुनम

हदगाव,
१२ मे

चि. सौ. पुनमला आईचे आशीर्वाद.

मिरच्या बंद केल्या. पण आता येगळाच कारभार सुरू झालाय. पोरगीच आमच्या दृष्टी काढून राहिली. तुझ्या आबांनी जेवून ताट मोरीत नेऊन ठेवलं. मांजर टपून बसलं होतं म्हणून, दुसरं काही न्हाई. तर हिनं त्यांना खाली बसवलं, मूठ ओवाळली अन् सांगितलं, की आजोबा, कुणी न सांगता तुम्ही ताट उचललं, मी बघितलं. तवापासून तुझे आबा रोज ताट उचलतात, अन् पोरगी बघून राहिली का न्हाई ते मागं वळून बघतात. लग्नाला एवढी वर्षं झाली, मला ही युक्ती कुणी शिकवली न्हाई.

पण खरं ते लिहिते. पोरगी एका जागी बसत न्हाई. जेवताना सुदिक उठून पळते. जावईबापूंची अट गप बसायची असंल, तर ती तिच्यानं व्हायची न्हाई. माझ्या जिवाला लई घोर लागलाय. शनिवारी आबा तिला भोकरला आणून सोडतील. संभाळून घे.

तुझी आई

लातूर,
२० मे

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं खरं झालं. ती बसली नाही. मंगलाष्टकांत दोनदा स्टेजवर चढली, मग नवरदेवाच्या घोडीला हार खाऊ घातला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी मनातल्या मनात जळकोटची ट्रंक भरायला घेतली.

पंगतीत वराच्या मामांनी भर मांडवात ह्यांना धारेवर धरलं, की वरण गार आहे, वाढपी कुठं मेलेत. हे पहाटेपासून उपाशी. तरी वरणाची बादली घेतली आणि स्वतः वाढायला लागले. तेवढ्यात साक्षी पळत आली. ह्यांचा हात ओढून खुर्चीवर बसवलं, सगळ्या पंगतीसमोर मूठ ओवाळली आणि मोठ्यानं सांगितलं, की पप्पा, तुम्ही सगळ्यांना वाढलं, स्वतः जेवला नाही, तरी कुणावर ओरडला नाही, मी बघितलं. मामा गार वरण मुकाट्यानं भुरकायला लागले. ह्यांनी उपरणं तोंडाला लावलं. मला वाटलं घाम पुसतात. बराच वेळ ते उठलेच नाहीत.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडं ह्यांनाही यायचंय. आणि काल सकाळी ह्यांनी आपणहून जळकोटला फोन लावला. तिकडून विचारलं असेल, मुलीत काही सुधारणा झाली का. हे म्हणाले, मुलगी आहे तशीच आहे, पण ती आम्हाला घरी लागते.

आबांना नमस्कार. माया अशीच राहू दे.

तुझी,
पुनम