कडक भाकरीचा डबा

पुणे

सौ. गंगम्मास शिवाप्पाचे शरणार्थ.

मी लेकाकडं मजेत हाय. तुझा गुडघा कसाय?

तू दिलेल्या कडक भाकरी मात्र लवकर संपायल्यात. मी रोज एकच खातो. आधी स्वयंपाकवाल्या बाईवर संशय आला, मग सुनंवर. आपला शिवकांत तर दोस्तांना सांगतो, "हे गावठी आम्ही खात नाही, बाबांसाठी ठेवलंय."

काल दुपारी स्वयंपाकघराच्या बंद दाराआडून कडाकडा आवाज आला. ढकलून बघतो तर शिवकांतच, उभ्याउभ्या चोरून खायलाय! मी गुमान दार लावून घेतलं.

गावी सेलूत पाहुणे आले की आपण भाकरीची टोपली झाकून पोळ्या करायचो. तिथंच शिकला का गं हा?

आणखी भाकरी पाठव. डब्यावर नाव माझंच टाक, म्हंजे त्याला खाता येतील.

तुझा शिवाप्पा