बाबांनी बुजवलेली दाढ

यज्ञेश,

तुझा फोन कंपनीच्या लॉकरमध्ये, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून जातेय. बाबांना उल्हासनगरला हॉस्पिटलमध्ये नेतेय. शेजारचा उन्मेष गाडी काढतोय.

सकाळी बाबा उठले तर जबड्याखालची सूज गळ्यापर्यंत उतरलेली. तोंड बोटभरही उघडत नाही, थुंकीसुद्धा गिळवत नाहीये. तरी हातानेच "काही नाही" म्हणतायत. इथल्या डॉक्टरांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, थांबू नका, सूज श्वासाच्या वाटेवर येतेय.

रूट कॅनाल चांगलं झालं होतं रे. वर पक्कं सिमेंट भरून कॅप बसवा, नाहीतर लाळ झिरपून आत परत पू होईल, असं डेंटिस्टबाईंनी बजावलं होतं. पण दुखायचं थांबलं आणि ह्यांचं जाणं राहिलं. तात्पुरतं सिमेंट पडलं, तेव्हा ह्यांनी काय करावं? नळाच्या गळतीला लावतात ती पुटी दाढेत भरली! जन्मभर कंपनीचे गळके पाइप बुजवले ना. आणि मी हसले.

वरण-भात कुकरमध्ये आहे. टीव्हीखालच्या ड्रॉवरमधला त्यांचा एक्स-रे घेऊन हॉस्पिटलला ये.

पण आधी डेंटिस्टबाईंकडे जा. तुझ्याही रूट कॅनालच्या दाढेत बाबांनी रविवारी बाल्कनीत बसवून तीच पुटी भरली, ते मी बघितलंय. दुखत नाही म्हणून सांगू नकोस. त्यांचंही दुखत नव्हतं.

आई