हद्दीबाहेरचा धूर

रविवार, १४ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, कुणाचं काही वाईट झालेलं नाही. फोनवर तू घाईत असतोस, आणि तुझं "हं, हं" ऐकलं की मी पुढचं विसरते. म्हणून लिहायला बसले.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, जिभेला मात्र काही झालेलं नाही. गच्चीवरचे कपडे आता पांढरेच्या पांढरे वाळतात. खिडक्यांवर काजळी धरत नाही. शेजारीण परवा आईला म्हणाली, "तुमच्या मुलाने कंपनीच्या मोठ्या ऑफिसात बसून कारखान्याची ती चिमणी बंद केली, सगळ्या गल्लीचे पांग फेडले हो." हे तुझ्यामुळे झालं, हे खरंच आहे. ते मी नाकारत नाही.

कारखान्यातही ठीक. मी अजून कापड तपासायच्या टेबलावरच आहे. बॉयलरच्या जागी हिरवळ लावलीय, कडेने बाक ठेवलेत. बसायला कुणाला वेळ नसतो, पण फोटोत छान दिसतात. चिमणी होती तिथे चबुतरा बांधून पाटी बसवलीय, वर पडदा. सरकारचं बक्षीस घेऊन ती पाटी तूच उघडणार म्हणे. साहेब लोक दोनदा येऊन पडदा नीट सरकतो का ते बघून गेले.

तू विचारलंस, बाबा येणार ना, त्यांच्यासाठी व्यासपीठावर खुर्ची ठेवतोय. मी म्हटलं, बघते. परत विचारलंस तेव्हा म्हटलं, बाहेर गेलेत. त्यानंतर म्हटलं, झोपलेत. झोपलेले नव्हते, दादा. बाबा महिनाभर घरातच नाहीत.

ते म्हातारीकडे गेलेत. आपल्या बॉयलरला बाबा म्हातारी म्हणायचे आणि आई सवत, एवढं तुला आठवत असेलच.

ती बंद पडली तेव्हा आम्ही धरून चाललो की गेली भंगारात. तसं झालं नाही. तिचे भाग सुटे केले, खडूने खुणा केल्या, ट्रेलरवर चढवले आणि डोंगरापलीकडच्या एका कापड रंगवायच्या कारखान्याला विकले. तिथला मालक छोटा. सरकारचा धुराचा नियम मोठ्यांना लागू झालाय, छोट्यांना अजून मुदत आहे. त्याने म्हातारी उभी केली, पण तिला हाताळणारा माणूस मिळेना. मग तो आपल्या दारात आला.

काम सुटल्यापासून बाबांनी घरातले सगळे नळ दुरुस्त केले होते, चांगले होते तेसुद्धा. तो मालक बोलायला लागला आणि बाबांच्या चेहऱ्यावर अशी तरतरी आली की मला भीतीच वाटली. डॉक्टरांनी धुरात पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलंय, याची मी आठवण करून दिली. तर म्हणाले, "दुसरा कुणी पेटवेल तर दुप्पट धूर काढेल. मला तिचा स्वभाव ठाऊक आहे." आई म्हणाली, "जा. सवत गेली म्हणून मी खूश होते, आता नवराही जाऊ दे." आणि आत जाऊन रडली. बॅग मीच भरली. त्याचा राग माझा माझ्यावर आहेच, तुझ्यासाठीचा वेगळा ठेवलाय.

आपल्याकडे आता कापड रंगवत नाहीत, बाहेरून रंगवून येतं, हे तुला माहीत आहे. गेल्या आठवड्यात मी एक गठ्ठा उघडला आणि हात तिथेच थांबला. बाबा ड्यूटीवरून यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला यायचा, तो वास. ड्रायव्हरला विचारलं, कुठून आणलंस रे हे? म्हणाला, "डोंगरापलीकडून, ताई. तिथे बॉयलरवर एक आजोबा आहेत. खोकून खोकून बेजार होतात, पण चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत." मी कापड तपासलं. डाग नव्हता. मग नेहमीसारखा त्यावर हिरव्या पानाचा स्टिकर लावला. कंपनीतल्या तुझ्याच पर्यावरण विभागाने पाठवलेत ते. चिकटतात मात्र छान.

तोच बॉयलर, तोच कोळसा, कापड तुमचंच आणि माणूस आपला. मध्ये फक्त एक डोंगर घातलाय. आणि कंपनीचा धूर निम्म्यावर आला म्हणून तुम्हाला बक्षीस.

म्हातारी कुठे गेली ते तुला माहीत नसेल, असं मी स्वतःला खूप समजावून पाहिलं. पण मागच्या खेपेला तू जेवायला बसलास तेव्हा बाबांनी विचारलं होतं, "म्हातारीचं काय करणार रे?" तू ताटातून मान वर न करता म्हणालास, "गेटबाहेर गेली की ती आमच्या हद्दीबाहेर, बाबा. तिथला धूर आमच्या हिशेबात येत नाही." बाबा कौतुकाने हसले. मुलगा काहीतरी मोठं बोलला असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं.

तू भाषणांत सांगतोस तो किस्सा आम्ही मोबाइलवर ऐकलाय. लहानपणी बाबांच्या खोकल्याने तुला झोप लागायची नाही, आणि ही चिमणी एक दिवस बंद पाडायची असं तू तेव्हाच ठरवलंस. लोक टाळ्या वाजवतात, आई डोळे पुसते. किस्सा खरा आहे. मी शेजारच्याच अंथरुणात जागी असायचे. म्हणूनच इतकं लागतं रे.

काल बाबांचा फोन आला. अर्धं वाक्य, मग खोकला, मग उरलेलं वाक्य. म्हणाले, दादाला यातलं काही कळू देऊ नकोस, त्याच्या कार्यक्रमाचा विचका नको. त्यांचं ऐकून गप्प बसणं आता माझ्याच्याने होत नाही.

गाडी काढ, डोंगर ओलांड आणि त्यांना घेऊन ये. माझं ते ऐकणार नाहीत. तुझा शब्द त्यांनी कधी मोडलेला नाही.

ते जमत नसेल तर पाटी उघड, बक्षीस घे, फोटो काढ. पण खोकल्याचा किस्सा सांगू नकोस. मी समोरच कामगारांच्या रांगेत उभी असेन. तू तो सुरू केलास तर मी तिथूनच ओरडून विचारीन, की बाबांचा आत्ताचा खोकला कुणाच्या हिशेबात धरायचा.

तुझी, अजून तरी तुमच्या हद्दीत असलेली,
धाकटी